पाऊणकीचा हिशोब: एस.वाय.च्या वर्गब्लॉगच्या नोंदी

१९ जून २०२५, गुरुवार

विभागाच्या बैठकीत शेवटी होकार मिळाला. एस.वाय.बी.ए. भूगोल, तिसरं सत्र, फील्ड प्रोजेक्ट, २ क्रेडिट, ५० गुण. दरवर्षी मुलं स्पायरल बाइंडिंगची फाइल देतात. वर प्लास्टिक, आत प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, मग 'प्रस्तावना' आणि 'उद्दिष्टे'. मागच्या वर्षीच्या १८ फायलींतले ११ ऋणनिर्देश शब्दशः सारखे होते. एकात तर ज्या सरांचे आभार मानले होते ते निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. या फायली कपाटात जातात, समिती येते तेव्हा बाहेर येतात, पुन्हा आत जातात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्या फक्त वाळवीने चाळल्या असतील.

यंदा फायलीऐवजी ब्लॉग. मुलं १७, ब्लॉग एकच, प्रत्येकाच्या सत्रात किमान सहा नोंदी. विषय हर्णै ते केळशी हा दापोली तालुक्यातला किनारा. अट एकच: स्वतः पाहिलेलं किंवा घरातल्या माणसाकडून कळलेलं. प्राचार्यांनी दोन प्रश्न विचारले. खर्च किती? शून्य. जिओटॅग फोटो मिळतील ना? मिळतील. सही झाली.

मी तासिका तत्त्वावर आहे. ब्लॉग तपासायचा वेळ कुठल्याच रकान्यात बसत नाही. नुसतं नोंदवून ठेवते, तक्रार नाही. (थोडी आहे.)

२४ जून २०२५, मंगळवार

सतरापैकी चौदा नोंदी आल्या. 'निसर्गाने कोकणावर मुक्त हस्ताने उधळण केली आहे' हे वाक्य चार वेळा. 'अथांग निळाशार सागर' सहा वेळा, आणि बाहेर जून चालू आहे. चॅटजीपीटीचा हात लगेच ओळखू येतो. पण खरं सांगायचं तर आमच्या दहावीच्या निबंधमालेतला समुद्रही असाच बारमाही निळाशार होता आणि मला त्यावर चांगले गुण मिळाले होते.

वर्गात विचारलं, "आज समुद्र कुठल्या रंगाचा आहे?"

पाजपंढरीची मुलगी म्हणाली, "मातकट, मॅडम. आणि कालपासून वास मारतोय. खाडीतून पाला वाहून आलाय, जाळ्यांचे तुकडे आलेत, एक चप्पल पण आहे. एकच."

"मग हे का नाही लिहिलंस?"

"असं लिहितात का?"

या प्रश्नावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. बारा वर्षं शाळेत आणि एक वर्ष आमच्याकडे काढून तिने जे शिकलं होतं त्यात चप्पल बसत नव्हती. फळ्यावर पहिला नियम लिहिला: ज्या वाक्यातलं तुमच्या गावाचं नाव काढून दुसऱ्या गावाचं घातलं तरी चालतं, ते वाक्य खोडायचं. सगळ्यांनी आपापली नोंद उघडली. एकाची अख्खी नोंद खोडली गेली, शेवटी फक्त त्याचं नाव आणि रोल नंबर उरला. तोही हसला, आम्हीही.

३ जुलै २०२५, गुरुवार

आजचा दिवस फॉन्टने खाल्ला.

एका मुलाचा भाऊ डीटीपीच्या दुकानात आहे. त्याने नोंद तिथे टाइप करून आणली आणि ब्लॉगवर चिकटवली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांची भेळ. मुलाला वाटलं मोबाइल बिघडला. मोबाइल ठीक आहे. जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं. आत 'd' असतो आणि वर 'क' दिसतो. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर गेलं की मुखवटा गळून पडतो. युनिकोडने देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. विंडोजमध्ये ती सोय २००० च्या आवृत्तीपासून आली. तरी तालुक्याच्या ठिकाणी लग्नपत्रिका आजही जुन्याच फॉन्टांत निघतात, कारण ऑपरेटरची बोटं त्याच कीबोर्डवर घडलेली असतात. त्यात त्याचं काही चुकत नाही, फक्त ते लेखन त्या दुकानाबाहेर पडत नाही.

मग 'र' चं दुखणं. चौदा नोंदींत 'वार्यावर', 'किनार्यावर', 'खार्या पाण्यात'. रफार पडला की य वर झेंडा चढतो आणि शब्द 'आर्य' च्या घरचा होतो. ऱ शोधायचा, त्याचा पाय मोडायचा, मग य जोडायचा: वाऱ्यावर, किनाऱ्यावर, खाऱ्या. किनाऱ्याचा प्रकल्प आहे, हा शब्द दर तिसऱ्या ओळीत येणार. वीस मिनिटं सगळ्यांकडून नुसतं 'किनाऱ्यावर' टाइप करून घेतलं. भूगोलाच्या तासाला हे चाललंय हे बघून शेजारच्या वर्गातल्या मराठीच्या मॅडम दारात येऊन थांबल्या आणि समाधानाने परत गेल्या.

बोलून टाइप करणारेही आहेत. 'म्हाकूल' (स्क्विड) म्हटलं की फोन 'महाकाल' लिहितो. त्यामुळे काल एका नोंदीत हर्णै बंदरावर महाकालाचे तीन टब उतरले.

८ जुलै २०२५, मंगळवार

गुणवत्ता कक्षाला 'पार्श्वभूमी' हवी आहे, एक पान. महाविद्यालयात ब्लॉग कशासाठी, आधी कुणी केलंय का. ते पान औपचारिक भाषेत लिहून दिलं. इथे माझ्या भाषेत.

'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्गरने १९९७ च्या डिसेंबरात काढला. लॉग म्हणजे जहाजावरची रोजनिशी: वारा, दिशा, खोली, दिवसात काय घडलं. पीटर मेरहोल्झने १९९९ मध्ये गमतीने तो 'वी ब्लॉग' असा तोडला आणि मागचा तुकडा जगाने उचलला. हर्णैच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा 'म्हणजे तांडेलाची वही' असं एकजण म्हणाला. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. मी एवढं नेमकं भाषांतर केलं नसतं.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये ब्लॉगर सुरू झालं. पान बनवायला आता संगणकाची भाषा लागत नव्हती. २००३ मध्ये ते गूगलने घेतलं, त्याच वर्षी मे महिन्यात वर्डप्रेस आलं. विद्यापीठांत हा प्रकार शिरला तो याच सुमाराला. हार्वर्डच्या लॉ स्कूलमधल्या बर्कमन केंद्रात डेव्ह वायनरने २००३ मध्ये विद्यापीठातल्या कुणालाही ब्लॉग काढता येईल अशी सोय केली. २००४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ते काम ग्रंथालयाने अंगावर घेतलं. संगणक विभागाने नव्हे, ग्रंथालयाने. हे मला फार पटतं. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातून शिक्षकांसाठी एड्यूब्लॉग्ज निघालं. व्हर्जिनियातल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने २००७ पासून ब्लॉग दिले आणि पुढे याच्याही पलीकडे जाऊन विद्यार्थ्याला स्वतःच्या नावाचं डोमेन (वेबवरचा पत्ता) द्यायला सुरुवात केली, म्हणजे पदवीनंतर घर सोडावं लागलं तरी सामान आपलंच.

पण माझं आवडतं उदाहरण गणितातलं. केंब्रिजचे टिमथी गॉवर्स, १९९८ चे फील्ड्स पदकवाले (गणितातला फार मोठा सन्मान). २००९ च्या जानेवारीअखेर त्यांनी ब्लॉगवर विचारलं की खूप माणसांनी मिळून, उघड्यावर, गणित करता येईल का. आधी अवघड वाटेने सिद्ध झालेल्या एका प्रमेयाची सोपी सिद्धता शोधायची. नियम असा की अर्धवट, चुकीची वाटणारी कल्पनाही लगेच खाली लिहायची, घरी नेऊन पॉलिश करत बसायचं नाही. टेरेन्स टाओसारखा नामवंत गणितज्ञ त्यात होता आणि शाळेत शिकवणारेही होते. सुमारे सहा आठवड्यांत काम झालं. शोधनिबंधावर लेखकाचं नाव पडलं डी. एच. जे. पॉलिमॅथ. असा कुणी माणूस नाही. ते सगळ्यांचं मिळून एक नाव.

मी स्वतः एम.ए.ला असताना, २००९ मध्ये, ब्लॉग लिहायला लागले. नद्यांवर. वाचणारे पंचवीस-तीस असतील, पण ते नक्की यायचे, कारण गूगल रीडरमध्ये नवं काही आलं की दिसायचं. १ जुलै २०१३ ला गूगलने तो रीडर बंद केला. माझा ब्लॉग त्याच पावसाळ्यात थांबला. त्यामुळे थांबला असं म्हणणं म्हणजे आळसाला कारण देणं, पण दार वाजायचं बंद झालं की आपणही घर झाडत नाही. २००६ च्या जुलैत मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले, त्यानंतर काही दिवस भारतात ब्लॉगस्पॉटची पानंच उघडत नव्हती. सरकारने ठरावीक पानांची यादी दिली होती, इंटरनेट पुरवणाऱ्यांनी अख्खा वाडा बंद केला. दुसऱ्याच्या जागेत लिहिण्याची ही किंमत आहे. आपलाही ब्लॉग फुकटच्या जागेत आहे. दर महिन्याला प्रत काढून ठेवायची, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

१८ जुलै २०२५, शुक्रवार

दोन दिवस वीज नाही. नोंदी दोनच.

त्यातली एक आंजर्ल्याच्या मुलाची, निसर्ग वादळाची. ३ जून २०२० ला वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा हा नववीत जाणारा. त्याने वाऱ्याचा वेग लिहिलेला नाही, मृतांचा आकडा नाही. त्याने लिहिलंय की आधी सुपाऱ्या गेल्या, मग नारळ. नारळ वाकतो, सुपारी मोडते, आणि मोडताना बंदुकीसारखा आवाज येतो. आजोबांनी तो आवाज आला की बोट मुडपायला सुरुवात केली. दोन्ही हातांची बोटं संपल्यावर ते उठून देवघरात गेले. वीज यायला काही आठवडे लागले. आली त्या रात्री आई पंखा लावून त्याच्याखाली बसली आणि कुणालाही झोपू दिलं नाही, म्हणाली, "बघू या जरा वेळ."

मी हे वर्गात वाचून दाखवलं. बॅटरीच्या उजेडात. लेखक मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. नंतर येऊन म्हणाला, "मॅडम, यात भूगोल कुठे आहे?" मी म्हटलं, सुपारी मोडते आणि नारळ वाकतो, यातच आहे. त्यावर वेगळी नोंद लिही. मुळं, खोडाची जाडी, झाडांमधलं अंतर. कृषी विद्यापीठ दापोलीलाच आहे, तिथे जाऊन विचार.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

काल बंदी उठली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कालपासून कागदावर हंगाम सुरू, पण समुद्र अजून तयार नाही. बहुतेक बोटी नारळी पौर्णिमेची वाट बघताहेत. मुलांचे घरचे जाळी शिवताहेत, त्यामुळे चार नोंदी जाळ्यांवर आल्या. एक छान, तीन ठीक.

८ ऑगस्ट २०२५, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

सुट्टी. तरी लिहिते, कारण पाजपंढरीच्या मुलीची नोंद काल रात्री आली आणि मी ती तीनदा वाचली. चप्पलवाली मुलगी.

तिचे आजोबा तांडेल होते. भरती कधी, असं विचारलं की ते मोबाइल बघत नाहीत, भिंतीवरचं कालनिर्णय बघतात. तिथी बघायची आणि पाऊणकी म्हणायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे आमच्या आईच्या पिढीपर्यंत होते. मला निमकीपुढे येत नाही. तिने आजोबांकडून पाऊणकी लिहून घेतली:

एक पाऊण पाऊण. बे पाऊण दीड. तीन पाऊण सव्वादोन. चार पाऊण तीन.

म्हणजे प्रतिपदेला भरती पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला आठ पाऊण सहा. पाढ्याचं उत्तर हीच घड्याळातली वेळ, मध्ये काही करायचं नाही. मराठीत साडेबारानंतर पंधरा मिनिटांनी 'पाऊण' वाजतो हे मी जन्मभर ऐकलंय, तो पाढ्यातला पाऊण आहे हे काल कळलं. मी गेली आठ वर्षं भरती-ओहोटी शिकवते. पृथ्वी, चंद्र, दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी, फळ्यावर ती लंबगोल आकृती. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी हे गणित तोंडपाठ आहे, हे मला माहीत नव्हतं.

नोंदीचा शेवट मात्र प्रश्नाने आहे, तोही तिच्या शब्दांत: 'पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकराला भरती. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, पाऊण वाजता. रोज पाऊण तास पुढे जाणारा समुद्र त्या एका दिवशी दीड तास पुढे कसा जातो? आजोबांना विचारलं तर ते हसले आणि म्हणाले, तुझ्या कॉलेजात विचार.'

मी विचारलं. म्हणजे गणिताच्या सरांना लिंक पाठवली. आणि आजवर ज्यावर 'छान लिहिलंस' आणि दोन हात जोडलेले याखेरीज काही आलं नव्हतं, त्या ब्लॉगवर खाली काय येतं याची मी सकाळपासून वाट बघतेय. पुरणाच्या पोळ्या नाहीत आज, नारळीभात आहे, तोही आईने केला.

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार

गणिताच्या सरांनी तिच्या नोंदीखालीच उत्तर लिहिलं, मला वेगळं नाही. चांगलं केलं. त्यांचं म्हणणं असं: अमावास्येपासून अमावास्येपर्यंत ३० तिथी. तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाचे २४ तास फिरून जागेवर येते. २४ तासांची १४४० मिनिटं, भागिले ३०, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. पाऊणकी देते ४५. दर तिथीला ३ मिनिटं कमी. पंधराव्या तिथीपर्यंत तीन पंधरे ४५. तोच तिचा हरवलेला पाऊण तास. खरा गुणाकार तीन चतुर्थांशाने नव्हे, चार पंचमांशाने हवा, पण चार पंचमांशाचा पाढा कुणाला येतो?

सगळा वर्ग हे फोनवर वाचत होता. काहींनी कागद काढून पडताळलं. मी सांगितलेलं नव्हतं.

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार

आजोबांचं उत्तर आलं. ते टाइप करत नाहीत. नातीने आवाज रेकॉर्ड केला आणि उतरवून खाली घातला:

"तुझ्या सरानं बरोबर काढलान. पण पंधराची पाऊणकी करतो कोण? पुनवेला नि आवसेला बारा. तो हिशोब नाय, ते पाठ. पुढचं पाऊणकीनं. आणि तीन मिनटांचं काय घेऊन बसलात? बोट काय एष्टी हाय, तीन मिनटं चुकली म्हणून सुटायला?"

त्याखाली रत्नागिरीहून एका गृहस्थांनी लिहिलं की 'बारा' हेही सगळीकडे सारखं नाही. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. रत्नागिरीला आधी, मुंबईला नंतर. म्हणून भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरागणिक वेगळी वेळापत्रकं छापतो. ते अर्थातच बरोबर आहे. मीही मग एक ओळ घातली: सूर्य आणि चंद्र कधी एका रेषेत ओढतात, कधी काटकोनात, त्यामुळे रोजचा फरक कधी ४८ मिनिटांहून कमी असतो, कधी जास्त. म्हणजे पाऊणकी चुकते आणि सरांचे ४८ हेही चुकतात, फक्त सरासरीत जमतात.

एका मुलीचा प्रश्न, एक गणिताचे सर, एक तांडेल, एक अनोळखी वाचक, एक मी. ८ जुलैच्या पानात गॉवर्सचं लिहिताना हे आपल्याकडे कशाला होईल असं मनात होतं. प्रमेय काही सुटलं नाही. पण ज्यांनी उत्तर दिलं त्यातला एकही जण तिला गुण देणारा नव्हता (मी सोडून, आणि माझी ओळ सर्वात निरस आहे).

आता सहा जणांनी मिळून जेटीच्या खांबावर रंगाच्या खुणा करून दिवसाची भरती लिहायची ठरवलंय. बंदरावरच्या लोकांना विचारून. रंग मी आणून देणार.

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

गणपती झाले, मुंबईकर परत गेले. या दहा दिवसांत नोंद एकही नाही, वाचक मात्र सगळ्यात जास्त. चाकरमानी घरी आले, वाडीच्या ग्रुपवर लिंक फिरली. खरं तर लिंक कमी आणि स्क्रीनशॉट जास्त फिरले, म्हणजे ते वाचक मोजणीत नाहीतच. आंजर्ल्याच्या मुलाला त्याच्या मुंबईच्या काकांनी विचारलं, "तुझ्या आजोबांनी एवढी बोटं मुडपली तर तू सुपाऱ्या किती लिहिल्यास? त्या चौदा होत्या." त्याने नोंद दुरुस्त केली आणि खाली लिहिलं: 'काकांच्या सांगण्यावरून दुरुस्ती, पण आजोबा म्हणतात तेरा.'

खांबावरच्या भरतीचं काम गणपतीत पडलं. खंड पडलेल्या दिवसांच्या चौकटी मुलांनी कोऱ्या ठेवल्यात, अंदाजाने भरल्या नाहीत. मी शाबासकी दिली नाही, कारण मग पुढच्या वेळी शाबासकीसाठी कोऱ्या ठेवतील.

१६ सप्टेंबर २०२५, मंगळवार

आजची चूक माझी आहे, आणि ती इथे लिहायलाच हवी.

एका मुलाने संध्याकाळच्या लिलावावर नोंद लिहिली. नोंद उत्तम. बोट खोल पाण्यात थांबते, माल लहान होडीतून आणि मग बैलगाडीतून किनाऱ्यावर येतो, बैल गुडघाभर पाण्यात शांत उभे असतात, ढीग लागतात, बोली कशी बोलतात, कुणाच्या डोळ्याची हालचाल म्हणजे 'सोडलं'. पुढे त्याने हेही लिहिलं की हंगामाआधी व्यापाऱ्याकडून उचल घेतली असेल तर माल त्यालाच द्यावा लागतो, आणि मग लिलाव नावाला उरतो. हे खरं आहे, महत्त्वाचं आहे. पण सोबतच्या फोटोत एका व्यापाऱ्याचा चेहरा आणि मागे बोटीचं नाव स्पष्ट दिसत होतं. मी ती नोंद रात्री साडेअकराला, अर्ध्या झोपेत, 'प्रकाशित करा' वर बोट ठेवून सोडून दिली.

सकाळी सातला फोन. मला नाही, मुलाच्या वडिलांना. ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहेत. त्यांना काय ऐकावं लागलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, फक्त म्हणाले, "मॅडम, तेवढा फोटो काढता का?" नोंद लगेच उतरवली. दुपारी मुलाबरोबर बसून पुन्हा लिहिली: फोटो बैलांचा, माणसं पाठमोरी, उचलीचा भाग ठेवला पण कुठल्याही एका बोटीला चिकटणार नाही असा. मुलगा म्हणाला, "मग यात दम नाही राहिला." थोडा गेला, हे मान्य. पण त्या दमाचे पैसे त्याचे वडील भरणार होते.

फायलीत लिहिलेलं कुणाला लागत नाही, कारण ते कुणी वाचत नाही. हे मला जूनमध्ये सुचायला हवं होतं. आता नियम: माणसाचा चेहरा विचारल्याशिवाय नाही, पैशाच्या व्यवहारात नाव नाही, आणि मी रात्री दहानंतर काही प्रकाशित करणार नाही. दोन मुली पहिल्यापासून टोपणनावाने लिहिताहेत, घरी चालत नाही म्हणून. त्यांना मी उगाच 'घाबरता कशाला' म्हटलं होतं. त्यांची माफी मागितली.

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

गुण. हा भाग मी टाळत होते.

५० पैकी कुणाला किती? सहा नोंदी पूर्ण केल्या म्हणून द्यावेत तर 'उधळण' वाल्यालाही मिळतात. भाषेला द्यावेत तर घरात शुद्ध बोलणाऱ्यांची चंगळ. वाचकांच्या संख्येला देणं म्हणजे ज्याचे नातेवाईक जास्त तो पहिला. शेवटी असं ठरवलं: स्वतः पाहिलेल्याला २०, कुणाला तरी विचारून पडताळलेल्याला १५, दुरुस्तीला १०, नियमितपणाला ५. दुरुस्तीला गुण का, असं विभागात विचारलं गेलं. चूक केली तर गुण? हो, चूक कळून ती खाली तारखेसह मान्य केली तर. चर्चा लांबली, चहा आला, मंजूर झालं.

एक निरीक्षण. गुणांची विभागणी फळ्यावर लागली त्या आठवड्यात नोंदी दुप्पट आल्या आणि निम्म्या बेचव होत्या. तीन जणांनी मुद्दाम चुका करून त्या दुरुस्त केल्या. हुशार आहेत.

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फायली कुठे आहेत?" मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा बदलला, दोन नोंदी वाचल्या, मग पाऊणकीची उघडली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचं आजोळ गुहागरकडचं निघालं. मुलीला विचारलं, "आज तिथी कोणती?" तिने सांगितली. "मग भरती?" तिने पाऊणकीने सांगितली आणि पुढे जोडलं, "पण सर, खांबावर वेगळी दिसेल." "किती वेगळी?" "ते दुपारी बघून सांगते."

तरीही छापील प्रत द्यावी लागेल, असं ते जाताना म्हणाले. नियमात तसं आहे.

१५ ऑक्टोबर २०२५, बुधवार

सगळ्या नोंदी, खालच्या उत्तरांसह, छापून दोन प्रती बांधल्या. स्पायरल नाही, शिवलेल्या. एक आजोबांकडे गेली, त्यांना फोनवरची अक्षरं दिसत नाहीत. दुसरी घेऊन ग्रंथालयात गेले. ग्रंथालयातल्या काकांनी दाखल नोंदवही उघडली, शीर्षक लिहिलं, वर्ष लिहिलं, किंमत विचारली (झेरॉक्स आणि शिलाई धरून ४१० रुपये) आणि लेखकाच्या रकान्यावर पेन थांबवलं.

"इथे काय लिहू? तुमचं नाव?"

"माझं नको. सतरा नावं आहेत. त्यांतली दोन टोपणनावं."

"रकाना एवढासा आहे, मॅडम."

मी त्यांना पॉलिमॅथची गोष्ट सांगितली. त्यांना ती आवडली, पण एकच खोटं नाव लिहायला ते तयार होईनात. म्हणाले, खऱ्या पोरांची नावं असताना? मग त्यांनी कागदाची पट्टी कापली, सतरा नावं बारीक अक्षरात एकाखाली एक लिहिली, पट्टीचं वरचं टोक रकान्यात डिंकाने चिकटवलं आणि बाकीची घडी घालून आत दुमडली. वही मिटताना घडी थोडी बाहेर राहते. डिंक वाळला की दाखल क्रमांक टाकतो म्हणाले, उद्या या.